रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग

सदर : यंत्र घरचे, नजर घरची



मागच्या खेपेला आपण बॅटरीची निगा पाहिली. या खेपेला रेडिएटरचे झाकण उघडायचे आहे. अर्थात गाडी पूर्ण थंड झाल्यावर. ते का, हे पुढे येईलच.

आपल्या बहुतेक गावांत बैलगाडीची जागा आता पिकअपने घेतली आहे. नवी गाडी सगळ्यांना परवडत नाही. मग दहा-पंधरा वर्षे चाललेली, दोन मालकांच्या हातून आलेली गाडी आपण दारात उभी करतो. ती सकाळी दूध नेते, दुपारी खत आणते, रात्री माल घेऊन मार्केटला जाते. गोठ्यातली म्हैस चाऱ्याला तोंड लावेनाशी झाली तर घरातली बाई तिच्या डोळ्यांकडे पाहून ओळखते. गाडीचेही तसेच आहे. ती बोलत नाही, पण आतले पाणी आणि ऑइल पाहिले तर दुखणे कुठे आहे ते बरेचसे कळते. आजचा विषय तोच : रेडिएटरचे पाणी, म्हणजे कूलंट, बिघडले असेल तर ते कशाने बिघडले हे घरच्या घरी कसे ताडायचे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

गेल्या टोमॅटोच्या हंगामात आमच्या मेहुण्याने साठ कॅरेट भरले आणि तो संगमनेरकडून नारायणगावच्या बाजाराला निघाला. चंदनापुरी घाट चढताना उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. पोराने शहाणपण केले. माल उशिरा पोहोचेल म्हणून गाडी रेटली नाही. कडेला घेतली, बंद केली आणि दुसऱ्या गाडीत माल चढवून दिला. आपली गाडी दोर लावून मिस्त्रीकडे आणली. सकाळी थंड झाल्यावर झाकण उघडले, तर आत हिरवे पाणी नव्हतेच. कॉफीच्या रंगाची दाट साय होती.

मिस्त्रीने लांबूनच पाहिले आणि म्हणाला, "हेड गेलं. इंजिन खोलावं लागेल. पंचेचाळीस हजार धरून चाला."

मेहुण्याच्या घरात तेवढी रक्कम होती, पण ती थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या फीची होती. भरायची तारीख आठवड्यावर आलेली. त्याचा मला फोन आला, "दाजी, काय करू? फी भरू का इंजिन भरू?"

मी म्हणालो, "आज काहीच भरू नको. गाडी चालू करू नको आणि पाणी ओतून देऊ नको. एका काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेव."

मागून वहिनींचा आवाज आला, "बाटली मी कालच भरून ठेवलीय दाजी. वर कट आलाय, रश्श्यावर येतो तसा."

मंडळी, निम्मे निदान तिथेच झाले होते. ते कसे, ते आता पाहू.

एका वाड्यातली तीन बिऱ्हाडे

इंजिन म्हणजे एक वाडा समजा. त्यात तीन बिऱ्हाडे राहतात : आग, तेल आणि पाणी. आग सिलिंडरमध्ये, तेल बेअरिंगांकडे जाणाऱ्या वाटांत आणि पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीत. भिंती काही ठिकाणी बोटाएवढ्या, काही ठिकाणी पत्र्याएवढ्या पातळ. पण प्रत्येकाने आपापल्या खोलीत राहायचे असा वाड्याचा नियम. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जी गॅस्केट असते ती या तिघांची सामाईक भिंत. ती जळली किंवा खचली, हेडला चीर गेली, किंवा लायनरच्या खालचे रबरी सील गेले, की एकाचे बिऱ्हाड दुसऱ्याच्या खोलीत शिरते.

कोण कुणाकडे शिरेल हे जोरावर ठरते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण तीन-चार किलोचा असतो. पाण्याचा एक किलोच्या आत-बाहेर. आगीचा तर या दोघांच्या कितीतरी पट. म्हणून गाडी चालू असताना तेल पाण्यात घुसते, पाणी तेलात नाही. गाडी बंद केली की ऑइलचा दाब क्षणात शून्यावर येतो, पण पाणी तापलेले आणि दाबाखालीच राहते. मग उलटा प्रकार होतो आणि थोडे पाणी तेलाच्या खोलीत उतरू शकते. एवढे ध्यानात ठेवले तर पुढच्या सगळ्या परीक्षांचा अर्थ लागतो.

आणखी एक खोली मिस्त्रीच्या घाईत विसरली जाते. तिचे नाव ऑइल कूलर. बऱ्याच डिझेल इंजिनांना तो असतो, काहींना नसतो. पातळ पत्र्यांच्या थराथरांत एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहते, म्हणजे तेल थंड होते. इथली भिंत सगळ्यांत पातळ. ती गंजून छिद्र पडले, की हेड शाबूत असूनही पाण्यात तेल येते. दिसायला दोन्ही दुखणी सारखी, पण एकाला इंजिन खोलावे लागते आणि दुसऱ्याला बाहेरचे काही बोल्ट.

परीक्षा पहिली : बाटली

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी रेडिएटरची वरची रबरी नळी हाताने दाबून पाहा. ती थंड आणि मऊ लागली तरच झाकणाला हात लावा. साधे पाणी १०० अंशाला उकळते. झाकणाने एक किलोचा दाब धरला तर तेच पाणी १२० अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे तापलेल्या गाडीत ११० अंशाचे पाणी शांत दिसते. झाकण काढताच दाब जातो आणि त्याची जागीच वाफ होऊन ते तोंडावर येते. झाकणावर फडके टाकून हळूच फिरवले तर चालते, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नका. अर्धा तास वाट पाहण्याने कुणाचे तोंड भाजत नाही.

आता पांढऱ्या काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी काढा. थोडे रेडिएटरच्या तोंडातून आणि थोडे खालच्या तोटीतून, अशा दोन बाटल्या घेतल्या तर उत्तम. त्यांवर चिठ्ठी लावा, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवा आणि रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवशी उजेडात धरून पाहा.

वर तेलाचा थर किंवा कॉफीच्या रंगाची साय असेल तर पाण्यात ऑइल आले आहे. मात्र नुसता इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग दिसला तर घाबरू नका. आधी घरात विचारा : ऑइल ओतायचे नरसाळे किंवा डबा पाणी भरायला कुणी वापरला होता का? आमच्या पाहण्यात दहा वेळा तरी असे निघाले आहे. पाणी बदला, नरसाळी वेगळी करा आणि आठवड्याने पुन्हा बाटली भरा. तवंग परत आला नाही तर दुखणे नव्हतेच.

पाणी तांबूस आणि तळाला विटकरी साका असेल तर तो गंज आहे. कूलंट न घालता बरीच वर्षे साध्या पाण्यावर गाडी चालली, असे समजा.

तळाला पांढरट पापुद्रे किंवा खडूसारखी पूड असेल तर ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार. पाणी तापवायच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनात धरतो. हा थर उष्णता लोखंडाच्या मानाने फारच कमी जाऊ देतो. म्हणजे पाणी भरलेले असूनही इंजिनाला त्याचा गारवा मिळत नाही.

मधोमध जेलीसारखे गोळे तरंगत असतील तर दोन न जुळणारी कूलंटे एकत्र झाली असावीत, नाहीतर गळती थांबवायचे काही औषध आत पडले आहे. इथे रंगाच्या भरवशावर राहू नका. हिरवे, लाल, निळे हे रंग कंपन्या आपल्या मर्जीने घालतात. दोन हिरवी कूलंटे एकाच जातीची असतील असे नाही. डब्यावरचा मजकूर वाचावा.

आणि पिवळा चिखल निघाला तर? मग हळद! रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. रानात अडकलेली गाडी घरापर्यंत आणायला तिने अनेकांना हात दिला आहे, हे खरे. पण जी हळद गळती बुजवते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. हळद घातली असेल तर घरी येताच रेडिएटर काढून धुवा आणि गळती झाळून घ्या. तीन महिन्यांनी गाडी तापली, की हळदीची आठवण कुणालाच राहत नाही.

बाटली स्वच्छ दिसली तरी एक गोष्ट करा. फवारणीच्या पाण्याचा सामू पाहायला आपण जी कागदी पट्टी वापरतो, ती या पाण्यात बुडवा. चांगल्या कूलंटचा सामू सातच्या वर असतो. सातच्या खाली आला असेल तर आतले गंजरोधक संपले आणि पाणी आंबट झाले. रंग कितीही हिरवागार असो, ते बदला.

परीक्षा दुसरी : ऑइलची पट्टी

ऑइल पाहायची पट्टी, जिला गॅरेजात गेज म्हणतात, ती बाहेर काढा. ऑइल काळे असेल तर हरकत नाही, डिझेल गाडीचे ते काळेच असते. पण ते करडे, ताकासारखे किंवा लोण्यासारखे झाले असेल, किंवा पातळी न ओतता वर चढली असेल, तर ऑइलमध्ये पाणी आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगाला वंगण देत नाही, आणि क्रॅंक खाल्ली गेली की गॅस्केटचे दुखणे इंजिनभर पसरते.

एक सावधगिरी. पावसाळ्यात किंवा थंडीत गाडी फक्त डेअरीपर्यंत जाऊन परत येत असेल तर ऑइल ओतायच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय जमते. ती आतल्या दमट हवेची असते. तेवढ्यावरून हेड उतरवू नका. गाडी तासभर लांब चालवली की ती जाते. पट्टीवरचे ऑइल काय सांगते ते महत्त्वाचे.

शंका राहिलीच तर चरचर पाहा. पत्र्याचा एक तुकडा उघड्यावर चुलीवर चांगला तापवा, बाजूला उतरवा आणि पट्टीवरच्या ऑइलचा एकच थेंब त्यावर टाका. ऑइल चांगले असेल तर नुसता धूर येईल. पाणी असेल तर ओली मोहरी फोडणीत पडावी तसे तडतडेल. स्वयंपाकाचा तवा यासाठी घेऊ नका, तोंड लांब ठेवा आणि मुलांना दूर उभे करा.

परीक्षा तिसरी : बुडबुडे

ही परीक्षा आगीची. थंड गाडीत रेडिएटर तोंडापर्यंत भरा, झाकण उघडेच ठेवा. दुसऱ्याने गाडी चालू करायची आणि आपण फॅनपासून बाजूला उभे राहून पाण्याकडे पाहायचे. साडीचा पदर, गमछा, सैल बाही फॅनजवळ नको. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतात आणि थांबतात. पण एका लयीत बुडबुडे येतच राहिले, गाडी रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला धूर पाण्यात येत आहे. मग गॅस्केट किंवा हेड यांच्यावरच संशय. पाणी कोमट व्हायच्या आत ही परीक्षा आटपा आणि गाडी बंद करा.

दुसरी खूण नळीची. थंड गाडी झाकण लावून चालू केली आणि दोन-तीन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच, वरची नळी दगडासारखी कडक झाली, तर अर्थ तोच. पाणी तापल्यावर नळी कडक होणे हे चांगल्या गाडीचेही लक्षण आहे. फरक वेळेचा आहे.

चांगल्या गॅरेजात यासाठी एक निळे औषध असते. रेडिएटरच्या तोंडावर नळकांडे धरून आतली हवा त्यातून ओढतात. धूर असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. डिझेल गाडीत नुसत्या मंद चालीवर धूर कमी सापडतो, म्हणून ही तपासणी गाडी थोडी रेस करून घ्यायला सांगा. हातपंपाने रेडिएटरला दाब देऊन गळती शोधायचे साधनही बऱ्याच ठिकाणी असते. हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे या तपासण्यांचे पैसे किरकोळ आहेत. मागून घ्या.

आता जुळवणी करा

पाण्यात ऑइल, पण ऑइल स्वच्छ, बुडबुडे नाहीत आणि गाडीला ऑइल कूलर आहे : आधी कूलर तपासा. कूलर नसेल किंवा चांगला निघाला तर मात्र गॅस्केट पाहावी लागेल.

ऑइलमध्ये पाणी, रेडिएटरचे पाणी स्वच्छ पण रोज कमी होते : गॅस्केट, हेडची चीर किंवा लायनरचे सील. कूलरही यात असू शकतो, कारण गाडी बंद झाल्यावर पाणी उलटे जाते.

दोन्ही स्वच्छ, पण बुडबुडे येतात, नळी लवकर कडक होते, सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ येत राहतो : आग आणि पाणी यांच्यामधली भिंत गेली. इथे हेड उतरवण्याला पर्याय नाही.

यांतले काहीच नाही आणि पाणी तांबडे किंवा पांढुरके आहे : इंजिनाला हात लावू नका. रेडिएटर आणि पाण्याच्या वाटा धुवा, थर्मोस्टॅट पाहा, झाकणाचे रबर पाहा, फॅनचा पट्टा ताणा.

मेहुण्याच्या गाडीचे काय झाले

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पोहोचलो. वहिनींच्या बाटलीत वर दोन बोटे तेल आणि खाली पाणी असे स्पष्ट वेगळे झाले होते. पट्टीवरचे ऑइल काळे पण स्वच्छ. पत्र्यावर चरचर नाही. पाणी भरून गाडी मिनिटभर चालवली, बुडबुडे नाहीत. नळी मऊच.

मी मिस्त्रीला म्हणालो, "तुमचं म्हणणं खरंही असेल. पण हेडच्या आधी कूलर काढून पाहू. तो चांगला निघाला तर हेड तुम्हीच उतरवा."

मिस्त्री मनाचा सरळ. थोडा विचार करून म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता तर बघू. गेल्या महिन्यात दोन गाड्या आल्या, दोन्हीचं हेडच होतं, म्हणून तोंडात तेच आलं."

दुपारपर्यंत त्याने कूलर काढला. ऑइलच्या बाजूची एक वाट बंद केली, दुसरीतून हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब धरतो तसा तो कोमट पाण्याच्या बादलीत बुडवला. काही क्षण काहीच झाले नाही. मग एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ सुरू झाली. मेहुणा मटकन तिथल्या टायरवर बसला. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त पदराने कपाळ पुसले.

नवा कूलर, गॅस्केट, तेलाने फुगलेल्या नळ्या, थर्मोस्टॅट, ऑइल, फिल्टर आणि कूलंट असे सारे मिळून अकरा हजारांत काम झाले. चार दिवसांचा बाजार बुडाला तो वेगळा. मुलीची फी तारखेच्या आत भरली गेली.

यात मिस्त्रीची लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्याने सवयीने निदान केले, इतकेच. आणि प्रत्येक वेळी कूलरच निघेल असेही समजू नका. बुडबुडे आले असते तर मीच हेड उतरवायला सांगितले असते. मेहुण्याने घाटात गाडी रेटली असती तर तापून हेड वाकले असते आणि मग पंचेचाळीसही पुरले नसते. गाडी वाचली ती त्या पाच मिनिटांच्या शहाणपणाने. पैसे वाचले ते बाटलीने.

धुवायचे कसे

दुखणे दुरुस्त झाल्याशिवाय धुण्यात अर्थ नाही. तेल आलेली वाट एका पाण्याने निघत नाही. रेडिएटर साफ करायचे तयार औषध मिळते ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे घाला, गाडी तापू द्या, थंड झाल्यावर पाणी काढा. मग साध्या पाण्याने पुन्हा तेच. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार फेऱ्या तरी होतात. फेसाचा साबण घालू नका, फेस आत अडकतो. क्षार काढायला तेजाब तर मुळीच नको. अॅल्युमिनियमचे हेड ते खाऊन टाकते. तेलात भिजलेल्या नळ्या मऊ पडून फुगतात, त्या बदलाच.

शेवटी भरताना कूलंट आणि बॅटरीला वापरतो ते डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्या, किंवा तयार मिसळलेले आणा. तयार मिसळलेल्यात पुन्हा पाणी घालू नका. डब्यावर भारतीय मानक आय. एस. ५७५९ चा उल्लेख आहे का पाहा. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, मग कूलंट कशाला, असे काहीजण विचारतात. गोठण्यासाठी नव्हे, गंज आणि क्षार यांच्यासाठी. शिवाय त्याने पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो.

हे वाचल्याशिवाय पान उलटू नका

कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात विष. कुत्री-मांजरे चाटतात, वासरू तोंड घालते, आणि रंगीत सरबत समजून लहान मूलही पिऊ शकते. थोडेसेही मूत्रपिंडे निकामी करायला पुरते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, ते डायएथिलीन ग्लायकॉलमुळे, म्हणजे याच कुळातल्या रसायनाने. तेव्हा काढलेले पाणी हौदाजवळ, गोठ्यात, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजातल्या जुन्या ऑइलच्या पिंपाकडे द्या. शीतपेयाच्या बाटलीत तर कधीही भरू नका. परीक्षेची बाटलीही काम झाल्यावर नष्ट करा. कुणी प्यायलेच तर घरगुती उपाय करत बसू नका. डबा बरोबर घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात जा. पहिले काही तास माणूस बरा दिसला तरी जा.

तुमच्या शंका

*घाटात काटा वर चढला तर काय करावे?* खालचा गिअर घ्या, जोर कमी करा, गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करा. तरी काटा उतरला नाही तर कडेला घ्या. वाफ नसेल, पाणी सांडत नसेल तर दोन मिनिटे मंद चालू ठेवली तर फॅन फिरतो आणि उष्णता उतरते. वाफ दिसली की मात्र लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, चीर जाते.

*ट्रॅक्टरला हेच लागू आहे का?* पाण्याने थंड होणाऱ्या ट्रॅक्टरला सगळे लागू. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणीच नसते, त्याच्या पंख्याचा कचरा काढा.

*रस्त्यात पाणी कमी पडले आणि फक्त बोअरचे मिळाले तर?* घाला आणि घरी या. गाडी कोरडी चालवण्यापेक्षा ते बरे. पण वहीत लिहून ठेवा आणि पहिल्या सवडीला बदला.

वहीचे बोललो म्हणून शेवटी सांगतो. दुधाच्या हिशेबाची वही जिथे टांगलेली असते तिथेच गाडीची एक वही टांगा. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, पाण्याची पातळी, पाण्याचा रंग, ऑइलची पातळी आणि ऑइलचा रंग एवढ्या चार गोष्टी त्यात लिहा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना द्या, फक्त झाकण मोठ्यांनी उघडायचे. पाणी रविवारमागे रविवार कमी होत असेल तर वही ते महिनाभर आधी सांगेल, घाटात नाही.

पुढच्या खेपेला ब्रेकची गोष्ट. तोवर तुमच्या गाडीचे पाणी स्वच्छ राहो.